झाडून ठेवलेली जागा

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे, आणि माझी गोष्ट सुरू करण्याआधी तुमच्या दप्तरांत काय आहे ते मला कळायला हवं. रागावू नका, सवयच तशी आहे. माझी उमेदीची सारी वर्षं तपासणीत गेली. कोण कुठून आला, गोणीत काय आहे, विचारल्याबरोबर हा माणूस घाम का पुसतो, हे बघता बघता माझे टायर झिजले. मागच्या बाकावरचा तो मुलगा मघापासून खिशात हात घालून बसलाय. त्याच्याकडेही माझं लक्ष आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्यासारख्या लांबोड्या, उंच टपाच्या कितीतरी गाड्या तिथून बाहेर पडल्या. कुणी शाळेची मुलं नेऊ लागली, कुणी लग्नाची वऱ्हाडं. मला एका सरकारी खात्यानं घेतलं. दारावर निळी अक्षरं आली, टपावर दिवा आला आणि मी नंदुरबार जिल्ह्यात हातभट्टीच्या दारूवर छापे घालायला निघाले. सातपुड्यातल्या वाटांवर मी शेकडो वेळा चढले असेन. पकडलेला माल माझ्या पोटात भरायचे. डबे, पिंप, गोण्या. त्यांतून मोहाच्या फुलांचा गोड, आंबूस वास यायचा. तो वास आला की गुन्हा आला, एवढंच मी शिकले. मोहाचं झाड कसं दिसतं हे बघायला मला कधी वेळ झाला नाही, आणि खरं सांगायचं तर गरजही वाटली नाही.

दसऱ्याला मला झेंडूची माळ घालायचे. एकदा मोठे साहेब माझ्या बॉनेटवर थाप मारून म्हणाले, "ही गाडी वासावरून माणूस ओळखते." त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं फुगून राहिले. पुढे इंजिन धापा टाकायला लागलं, नवीन गाड्या आल्या आणि मला कचेरीमागच्या लिंबाखाली उभं केलं. टायरमधली हवा गेली. पुढच्या सीटवर एका मांजरीनं चार पिल्लं घातली. कोणी काही विचारायला येईना. पुढे लिलाव झाला आणि कोरीट गावच्या दोधूआप्पांनी मला घेतलं.

हे दोधूआप्पा म्हणजे कापूस लावणारे साधे शेतकरी. त्यांच्या डोक्यात मात्र एक खूळ होतं. मला त्यांनी अंगणात आणलं, सायीच्या रंगानं रंगवलं आणि माझ्या पोटात फिरतं घर उभं केलं. सागवानी पलंग, घडीचं टेबल, पाण्याची टाकी, गॅसची शेगडी, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. "निर्मला, तुले नवा नवा जागास्वर नेसु," असं ते बायकोला रोज सांगायचे. निर्मलाबाई हसायच्या. लग्नानंतर त्या माहेर आणि शेत सोडून कुठं मुक्कामाला गेल्याच नव्हत्या. पण पहिल्या सहलीआधीच आप्पांचं हृदय थांबलं. पलंगावरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलं नव्हतं.

त्यानंतर निर्मलाबाईंनी दार लावून घेतलं ते लावलंच. दिवसाही आतून कडी. दूधवाल्याला खिडकीतून भांडं. शेजारीण आली तर आधी "कोन शे?" असं दोनदा, मग आवाज ओळखून फटीएवढं दार. मला हे सगळं पटायचं, कारण माझं मत अगदी तसंच होतं. पण त्यांचा मुलगा भूपेश आणि सून चेतना काळजीत पडले. डॉक्टरांनी सांगितलं होतं की यांना घराबाहेर काढा, मोकळ्या हवेत चार दिवस राहू द्या. शेवटी होळीनंतर भूपेशनं कचेरीतून आठवड्याची रजा काढली आणि माझ्या स्टिअरिंगवर हात ठेवून बायकोला म्हणाला, "मायला एखादी जागा पटली, ती तिथं राहिली, तर गाडी ठेवू. नाही पटली, तर दाराशी नुसती गंजत ठेवून काय करायची? भंगारवाल्याला सांगून टाकू."

मित्रांनो, म्हणजे निर्मलाबाईंना जागा पटण्यावर माझा जीव होता. आणि त्या तर माझ्यापेक्षाही संशयी!

पहिल्या दिवशी आम्ही सारंगखेड्याला गेलो. तापीकाठी एकानं 'कॅरॅव्हान पार्क' काढलं होतं. मालकाचं नाव जगदीश. तो इतका गोड बोलत होता की माझ्या हॉर्नच्या तारा शिवशिवल्या. "एकदम सेफ शे बघा, मावशी. भिंत, कॅमेरा, कुलूप, सगळं शे," तो म्हणाला. जमिनीवर प्लॅस्टिकचं हिरवं गवत होतं. भिंत माझ्या टपापेक्षा उंच.

निर्मलाबाईंनी खिडकीतून इकडेतिकडे पाहिलं. "नदी कोठे शे रे भाऊ?"

"भिंतनामांगे."

"मंग आम्ही भिंत देखाले उनूत का?"

भिंत बघायला आम्ही थोडेच आलो होतो! जगदीश हसला आणि फॉर्म भरायला लागला. नाव, गाव, मुक्काम किती दिवस. मग सहज म्हणाला, "घरमा आते कोन शे, मावशी?"

"हाई कसाले इचारस तू?" निर्मलाबाईंनी पडदा ओढून घेतला. आम्ही तिथून निघालो. तो माणूस चोर होता असं मी म्हणत नाही. नसेलही. पण गावाला निघालेल्या माणसाला मागं घर रिकामं आहे का असं विचारणारा मला तरी आवडला नाही.

दुसऱ्या दिवशीची जागा तळोद्याच्या अलीकडे होती. फाटकात सिमेंटचा जिराफ, आत रंगीत दिवे आणि दुपारी दोन वाजता ढोलाची गाणी. पहारेकरी खुर्चीत झोपला होता. भर दुपारी, त्या आवाजात, इतकं गाढ? मी अशा झोपेवर विश्वास ठेवत नाही. चेतना संडास बघायला गेली आणि नाकाला पदर लावून परत आली. तीही जागा गेली.

मग आम्ही तळोदा ओलांडून डोंगराच्या पायथ्याशी शिरलो. उन्हं कलायला लागली होती. पळस फुलून झाला होता, साग निष्पर्ण झाला होता, आणि सगळीकडे वाळक्या पानांचा ढीग. अशात एका वळणावर भूपेशनं ब्रेक दाबला. मोठमोठी पाच झाडं होती आणि त्यांच्याखालची जमीन लखलखीत स्वच्छ. एक पान नाही, एक काटकी नाही. कुणीतरी सगळा पालापाचोळा जाळून, झाडून, अंगणासारखं करून ठेवलं होतं. बाजूला बारीक पाण्याचा ओढा आणि समोर डोंगराची रांग.

"ही जागा बघा!" चेतना खाली उतरून म्हणाली. "कुणी झाडून ठेवलीय. म्हणजे लोक येऊन राहत असणार इथं."

आमच्या सपाटीवरच्या गावांत झाडलेलं अंगण म्हणजे या, बसा असंच म्हणतं. कचरा असतो तिथं माणूस नसतो, स्वच्छ असतं तिथं पाहुण्यांची वाट बघितली जाते. भूपेशनं जरा चौकशी करायचं म्हटलं. पण जवळ घर दिसेना. निर्मलाबाई वर बघून म्हणाल्या, "मोहनं झाड शे. जंगलनं झाड, त्याले कोन मालक?" आणि मग, ज्याची दोन दिवस वाट पाहिली ते घडलं. त्यांनी स्वतः पडदा सारला. "आठे गार लागस," त्या म्हणाल्या. भूपेश आणि चेतनानं एकमेकांकडे पाहिलं. मला सर्वांत मोठ्या झाडाखाली उभं केलं.

मी मात्र अस्वस्थ होते. फुकट, स्वच्छ, गार, आणि मालक नाही? माझ्या नोकरीत अशा जागेत दोन हात खणलं की पिंप निघायचं. त्यात मला तो जुना वास येत होता.

उजाडायच्या सुमाराला टपावर आवाज सुरू झाला. टप. मग दोन वेळा टप टप. निर्मलाबाई दचकून उठल्या. "कोन शे तठे?" आवाज काही थांबेना. मला वाटलं, खडे मारतायत. भूपेशनं बॅटरी घेऊन दार उघडलं, तर जमिनीवर पांढरट, टपोरी, रसाळ फुलं पसरली होती आणि वरून आणखी पडत होती. तो हसला. पण निर्मलाबाईंचा हात पडद्यावरच राहिला. पळसाच्या झुडपापाशी एक म्हातारी बाई टोपली घेऊन बसली होती. ती जवळ येत नव्हती आणि जातही नव्हती, नुसती आमच्याकडे बघत होती. भूपेश दोन पावलं पुढे गेला, तशी ती उठून झाडीत गेली.

"पाळत ठेवतेय," चेतना म्हणाली. माझंही तेच मत पडलं.

सकाळी चेतनानं केरसुणी घेतली. तिला घाण सहन होत नाही. तिनं सगळी फुलं झाडून ओढ्याकडे लोटून दिली. दुपारपर्यंत त्या ढिगावर माश्या घोंगावू लागल्या. संध्याकाळी निर्मलाबाईंनी आतून कडी लावली ती पुन्हा पुन्हा तपासली.

दुसऱ्या दिवशी पहाटे झुडपापाशी तीन बायका होत्या. तिघींच्या टोपल्या रिकाम्या. थोड्या वेळानं एक जीप आली आणि लांबच थांबली. तिच्यातून एक माणूस उतरला. तो आमच्याकडे नाही, माझ्या दाराकडे बघत होता. निर्मलाबाईंचा धीर सुटला. "भूपेश, घर चाल. माले आठे नई ऱ्हानं. आते कोठेच नई ऱ्हानं."

झालं. मला भंगारवाल्याचा हातोडा ऐकू यायला लागला. त्या माणसाचा मला इतका राग आला की काय सांगू.

भूपेश खाली उतरला. "काय पाहिजे, भाऊ?"

"काही नाही," तो माणूस म्हणाला. "तुम्ही कधी जाणार, तेवढंच विचारायला आलो."

"धमकी देता का?" चेतना दारातून ओरडली.

"नाही, ताई!" तो घाबरून दोन पावलं मागं सरकला. "माझं नाव वीरसिंग. तळोद्यावरून जीप चालवतो. ती माझी आई, कालीबाई. तिनं पाठवलं मला. साहेबलोक किती दिवस आहेत विचार म्हणाली. म्हणजे तेवढे दिवस आम्ही येत नाही."

"साहेबलोक? आम्ही कोरीटचे. आम्ही कुठले साहेब?"

वीरसिंगनं माझ्या दाराकडे बोट केलं. आप्पांनी दिलेला सायीचा रंग उन्हानं फुगला होता आणि त्याखालून निळी अक्षरं दिसू लागली होती. "आई ही गाडी ओळखते," तो म्हणाला. "मी लहान होतो तेव्हा ही आमच्या अंगणात आली होती. आईनं फुलं सुकत घातली होती. आमच्या घरी कधी भट्टी नव्हती. पावसात घरात दाणे संपले की आई ती फुलं शिजवून आम्हाला घालायची. ते सांगत होती, पण तिची बोली त्यांना कळेना. सगळी फुलं गोणीत भरून नेली. त्या पावसाळ्यात आम्ही सगळी भावंडं गुजरातेत मजुरीला गेलो."

मित्रांनो, मला तो दिवस आठवत होता. मी खोटं कशाला बोलू? गोणी हलकी होती. तिच्यात डबा नव्हता, पिंप नव्हतं, नुसती सुकलेली फुलं होती. एक बाई माझ्या मागच्या दाराला धरून काहीतरी बोलत कितीतरी अंतर पळत आली होती. मला तेव्हा वाटलं होतं, गुन्हेगार असल्याशिवाय कोणी असं पळतं का? मोठ्या साहेबांनी माझ्या बॉनेटवर थाप मारली होती ती त्याच संध्याकाळी.

वासावरून माणूस ओळखते म्हणे! मी एकही माणूस ओळखला नव्हता. ती बाई मला दोन दिवस लांबून बघत होती. संशय घ्यायचा हक्क तिचा होता आणि घेत होते मी.

"मग ही जागा…" चेतनानं विचारलं.

"मोहाची फुलं पडतात ना, ती वेचता यावीत म्हणून आम्ही झाडाखालचं झाडून ठेवतो, ताई. हे झाड आमचं. पलीकडचं काकांचं. वर्षातले हे थोडेच दिवस असतात. उन्ह चढायच्या आत वेचलं तर वेचलं."

चेतना ओढ्याकडे वळली. तिथं तिनं लोटलेला ढीग काळा पडला होता. तिनं तोंडावर हात ठेवला. भूपेश "माफ करा, आम्हाला ठाऊक नव्हतं," असं म्हणत होता, तेवढ्यात माझी आतली कडी वाजली.

निर्मलाबाई उतरल्या. कोणाचा हात न धरता, अनवाणी. फुलं चुकवत, पाऊल जपून टाकत त्या सरळ झुडपापाशी गेल्या आणि कालीबाईसमोर उभ्या राहिल्या. दोघी साधारण एकाच वयाच्या. कालीबाईला तळोद्याच्या बाजारात ऐकून ऐकून आमची बोली थोडी येत होती.

"बाई, तुन्हं झाड शे का हाई?"

"हा. मन्हा सासरानं. आते मन्हं."

"मन्हा कापूस फुटेल वावरमा कोनी अशी गाडी उभी करती, तं मी तठेच शिव्या देती. तू दोन दिन नुसती उभी ऱ्हायनी. कसाले?"

कालीबाईनं माझ्याकडे पाहिलं. "गाडीनं भेव वाटनं."

"माले बी भेव वाटनं," निर्मलाबाई म्हणाल्या. "तुन्हं." आणि त्या हसल्या. आप्पा गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मग त्यांनी मागं वळून भूपेशला बजावलं, "गाडी चालू करशी नको! चाकना खाले फुलं शेतस."

मग सगळ्यांनी फुलं वेचली. कालीबाई, वीरसिंग, त्या दोघी बायका, चेतना, भूपेश. निर्मलाबाईंचा वेचायचा हात कापसावर बसलेला. दोन्ही हातांनी, न बघता, भराभर. आधी माझ्या पुढच्या वाटेवरचं, मग चाकांपाशी अगदी टायरला गाल लावून. मी श्वास रोखून उभी होते. गाडीला श्वास नसतो हे मला ठाऊक आहे, पण होते. वाट मोकळी झाल्यावर मला हातानं ढकलत बाहेर काढलं. माझ्याखाली चिरडलेली फुलंसुद्धा कालीबाईनं वेगळी गोळा केली, बैलासाठी.

मग तिनं आम्हाला वर, तिच्या शेताच्या बांधापलीकडे एक माळ दाखवला. दगड थोडे होते, पण वारा छान होता. तिथून खालची सगळी सपाटी दिसत होती, लांब तापीची चमकती रेघसुद्धा. "पहिल्याच दिवशी विचारलं असतंत, तर आईनं तेव्हाच दाखवली असती," वीरसिंग म्हणाला. त्यात टोमणा असावा अशी मला शंका आली, पण या वेळी मी ती गिळली.

तिसऱ्या दिवशी कालीबाई माझ्याभोवती एक फेरी मारून टपाकडे बघत राहिली. खाली सुकवलेल्या फुलांना शेळ्या तोंड लावतात, तिनं निर्मलाबाईंना सांगितलं. टप उंच आहे, पत्रा तापतो. घालू का वर? निर्मलाबाईंनी मला विचारलं नाही. शिडी लावली आणि दोघींनी मिळून माझ्या सबंध टपावर मोहाची फुलं पसरली. माझ्या पोटात तो माल कितीदा भरला होता, पण डोक्यावर पहिल्यांदाच आला. पहिल्या दिवशी दिवसभर मी कुणी बघेल म्हणून रस्त्याकडे लक्ष ठेवून होते. मग तो वास हळूहळू बदलला. मनुकांसारखा झाला. खरं तर तो पहिल्यापासून तसाच असणार.

निर्मलाबाई माझ्या सावलीत खाटेवर बसून काठीनं शेळ्या हाकायच्या. माझं दार दिवसभर सताड उघडं. दुपारी कालीबाई यायची आणि दोघी आपापल्या गेलेल्या नवऱ्यांच्या खोड्या एकमेकींना सांगायच्या. एकीला दुसरीचं निम्मंच कळायचं. हसायच्या मात्र एकाच वेळी.

तेव्हा मित्रांनो, माझ्यासारख्या म्हातारीचं एवढं ऐका. सुट्टीत कुठंही मुक्कामाला जा. डोंगर बघा, पाणी बघा, संडास बघा. आणि जागा फारच स्वच्छ दिसली तर संशय जरूर घ्या, पण आधी स्वतःचा घ्या. कुणीतरी ती कशासाठी तरी झाडली असेल. जवळ घर दिसत नसेल तर अर्धा कोस चालत जा, पण विचारा. जुन्या वस्तूंना जपा असं तर सगळेच सांगतात. मी म्हणते, आधी ज्यांच्या जागेत उभे राहता त्यांना जपा. जुन्या गाड्या मग आपोआप जपल्या जातात.

रजा संपली त्या सकाळी भूपेशनं भांडी आत ठेवली, पाण्याची टाकी रिकामी केली, आईचं गाठोडं पलंगाखाली सारलं. चावी फिरवायला हात पुढे केला, तशा निर्मलाबाई माझ्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या.

"तू बसवर जाय," त्या म्हणाल्या. "कचेरी करी ये. फुलं आजून वल्ली शेतस. गाडी हालनार नई, मी बी नई."